ओसरीतलं धोंड्याचं जेवण

पहिला घोट तोंडात घेतला आणि माझ्या लक्षात आलं, की आता आपली सुटका नाही.

वाइन चांगली होती. हवी तेवढीच थंड होती, हव्या त्या पेल्यात आली होती, आणि ताटलीतल्या थालीपिठावर लोणी विरघळत असताना जिभेला जेवढा आंबटपणा लागतो तेवढीच आंबट होती. सकाळपासून मी देवाजवळ एकच मागणं मागत होतो, की इथली वाइन भिकार निघू दे. देवानं काही ऐकलं नाही.

"काय म्हणता?" समोरून चित्राताईंनी विचारलं.

"बरी आहे."

"बरी? अहो उन्मेष, सकाळच्या दोन्ही ठिकाणी तुम्ही नाकं मुरडलीत ते मी समजू शकते. इथं काय झालं? पोट बिघडलंय का तुमचं?"

पोट ठीक होतं. बाकी सगळं बिघडलं होतं.

मी तेव्हा नाशिककडच्या एका वायनरीत चव घेणारा म्हणून नोकरीला होतो. म्हणजे दिवसभर वाइन तोंडात घ्यायची, घोळवायची आणि थुंकायची. या कामाचे लोक पैसे देतात यावर माझ्या आईचा शेवटपर्यंत विश्वास बसला नाही. चित्राताई सुपणेकर पुण्यात एका पुरवणीच्या संपादक होत्या. साध्या, घरगुती हॉटेलांत मिळणाऱ्या वाइनची स्पर्धा त्या भरवायच्या. जिथं माणसं पायात चपला अडकवून, पोराबाळांना घेऊन जातात अशी हॉटेलं. दोन परीक्षकांनी साध्या गिऱ्हाइकासारखं जायचं, यादी वाचायची, खायचं, चाखायचं, गुण मांडायचे आणि बिल देऊन निघायचं. थुंकायला मी पिशवीत झाकणाचा कागदी पेला ठेवला होता. कोणती हॉटेलं, ते त्या दिवशी सकाळी बंद पाकिटातून कळायचं. परीक्षक कोण, हे हॉटेलवाल्यांना कधीच कळायचं नाही.

पाकिटातलं तिसरं नाव होतं 'ओसरी'. कर्वे रोडच्या मागच्या गल्लीतलं, बंगल्याच्या तळमजल्यावरचं. तिथला मॅनेजर पुष्कर खळदकर. माझ्या बायकोचा पाठचा भाऊ, म्हणजे माझा सख्खा मेहुणा.

हे मी चित्राताईंना लगेच सांगायला हवं होतं, आणि सांगणारही होतो. पण रिक्षात बसल्या बसल्या त्यांनीच विषय काढला. मागच्या वर्षी एका परीक्षकाच्या साडूचं हॉटेल पहिलं आलं होतं आणि महिनाभर लोकांनी त्यांना फोन करकरून सळो की पळो केलं होतं.

"तेव्हापासून नियमच केलाय मी," त्या म्हणाल्या. "परीक्षकाचं नातं निघालं, की ते हॉटेल त्या वर्षापुरतं बाद."

"हॉटेल बाद? परीक्षक बदलला तर नाही का चालणार?"

"आयत्या वेळी परीक्षक बदलत बसले तर गुप्त काय राहील? हॉटेलच बाद. एकदा दोघांचे हात पोळले, की पुढं कुणी असले धंदे करणार नाही."

नियमाला अर्थ असायलाच हवा असं नाही, पण तो चित्राताईंचा होता. त्यांच्या नियमाला माणसं वाहतुकीच्या दिव्यापेक्षा जास्त भ्यायची. मी गप्प बसलो आणि मनाशी एक हिशेब केला. पुष्करची यादी बहुतेक यथातथाच असणार. मग तिला आपोआप कमी गुण पडतील, ती कुठंच येणार नाही, आणि मला तोंड उघडायची गरजच राहणार नाही. पुष्करचा आजवरचा इतिहास बघता हा हिशेब काही चुकीचा नव्हता. मोबाइल दुरुस्तीचं दुकान, मग टेम्पो, मग झेरॉक्स. प्रत्येक धंदा त्यानं मन लावून बुडवला होता. "हा काही धड करणार नाही," असं माझे सासरे अण्णा त्याच्या तोंडावर म्हणत. मग एका हंगामात तो माझ्याकडे नाशिकला येऊन राहिला. द्राक्षं काढण्यापासून टाक्या धुण्यापर्यंत पडेल ते काम केलं. रात्री जेवताना मला प्रश्न विचारून विचारून वैताग आणायचा. आंबट कशानं होते, कडू कशानं होते, थंड का द्यायची. तिथून परत येऊन तो 'ओसरी'त लागला आणि मालकाच्या मागे लागून त्यानं वाइन सुरू केली. आता मालक कंटाळला होता. शलाकानं, म्हणजे माझ्या बायकोनं, मला सांगितलं होतं, की या वर्षी स्पर्धेत नाव झालं तर ठीक, नाहीतर बाटल्यांची कपाटं काढून तिथं थाळी सुरू करायची आणि पुष्करला नारळ द्यायचा, असं मालकानं त्याला स्पष्ट बजावलंय.

तर अशी ती यादी माझ्यासमोर होती. एकच पान, तेही मराठीत. मोजक्या वाइन, आणि प्रत्येकीपुढे तिच्यासोबत काय खावं ते लिहिलेलं. किमती तीन तऱ्हेच्या: घोटभर, पेलाभर, बाटलीभर. म्हणजे ज्यानं आयुष्यात वाइन घेतली नाही त्यानं घोटभर घ्यावी, आवडली तर पुढं जावं. मी देशात आणि बाहेरही पुष्कळ याद्या वाचल्या होत्या, पण हे कुणाला सुचलेलं नव्हतं. एका लाल वाइनपुढं लिहिलं होतं, 'उन्हाळ्यात मागू नये. मागितली तरी आम्ही देणार नाही.' दुसऱ्या एकीपुढं, 'आंबट आवडत नसेल तर वाटेला जाऊ नका.'

चित्राताई ते वाचून एकट्याच हसत होत्या. आणि आमच्या वायनरीची एकही बाटली यादीत नव्हती. आधी मला राग आला. ज्याच्या घरी खाल्लं त्याचीच वाइन नाही! मग वाटलं, बरं झालं.

तेवढ्यात फोन वाजला. शलाका. ती आठव्या महिन्यात होती आणि माहेरी आली होती.

"आई विचारतेय, कधी येतोयस? सगळे जेवायचे थांबलेत."

आता ही दुसरी भानगड. त्या वर्षी ज्येष्ठ अधिक आला होता. अधिक म्हणजे धोंड्याचा महिना, जावयाला विष्णू मानून जेवू घालायचा. दुसऱ्या दिवशी अमावस्या, महिना संपत होता, आणि मला संध्याकाळी नाशिकला परतायचं होतं. सासूबाईंनी सकाळपासून पुरण शिजवून कणकेचे धोंडे उकडून ठेवले होते.

"अजून तासभर तरी," मी हळू आवाजात म्हणालो. "अण्णांना जेवून घ्यायला सांग. त्यांना साखर आहे."

"जावयाच्या आधी? धोंड्याच्या महिन्यात? तूच सांगून बघ. आहेस कुठं पण?"

"ओसरीत," मी बोलून गेलो.

"म्हणजे पुष्करच्या?"

"कुणाला बोलू नकोस," म्हणालो आणि फोन ठेवला. बायकोला 'कुणाला बोलू नकोस' सांगितलं की त्यात तिची आई धरलेली नसते, हे लग्नाला चार वर्षं झाली तरी मला समजलं नव्हतं.

दुसरा पेला आला, भरल्या वांग्याबरोबर. तोही उत्तम. तिसरा, सुक्या मटणाबरोबर. चित्राताईंनी पेन काढलं. "मॅनेजरला बोलवा," त्यांनी वाढप्याला सांगितलं.

पुष्कर आतून आला. इस्त्रीचा पांढरा शर्ट, नीट विंचरलेले केस. त्याची नजर माझ्यावर पडली, चित्राताईंवर गेली, टेबलावरच्या तीन अर्धवट पेल्यांवर आली आणि तिथल्या तिथं त्याला सगळं उमगलं. ते मला त्याच्या गळ्याच्या घाटीवरून कळलं. चेहऱ्यावर मात्र काही उमटलं नाही.

"नमस्कार मॅडम. नमस्कार सर," तो म्हणाला. "जेवण कसं आहे?"

आयुष्यात तो मला पहिल्यांदाच 'सर' म्हणाला. एरवी 'दाजी, दाजी' करून डोकं खायचा.

"ही यादी कुणी केली?" चित्राताईंनी विचारलं.

"मीच केलीय मॅडम."

"कुठं शिकलात?"

त्यानं माझ्याकडे बघितलंही नाही. "इकडं तिकडं. गिऱ्हाइकांना विचारून."

"आणि ही वांग्याला का जोडली? लोक लाल देतात."

"देऊन बघितली मॅडम. दाण्याच्या कुटापुढं ती तुरट लागते. तोंड कोरडं पडतं. मग ही दिली, तर लोकांनी वांगं परत मागितलं. मालक खूश झाले."

चित्राताई मोकळेपणी हसल्या. तो गेल्यावर पुढं वाकून म्हणाल्या, "सापडलं. मला हेच हवं होतं. तुमचं काय मत?"

इकडे आड, तिकडे विहीर. बोलावं तर पोराच्या आयुष्यात पहिल्यांदा धड झालेलं काम माझ्या हातानं मातीत जाणार. न बोलावं तर समोर बसलेल्या, माझ्यावर डोळे मिटून विश्वास टाकणाऱ्या बाईला फसवायचं. आणि वाइन इतकी चांगली, की 'वाईट आहे' म्हणायला जीभ उचलत नव्हती. या सगळ्यात पुष्करचाही राग आला. गाढवा, नेमकी आत्ताच कशाला अक्कल आली तुला?

"चांगली आहे," मी म्हणालो.

"चांगली की पहिली?"

मी तोंड उघडलं. आज विचार केला तर वाटतं, मी सांगणार होतो. पण शपथेवर नाही सांगता येणार, कारण त्याच क्षणी दार उघडलं आणि माझ्या सासूबाई आत आल्या.

हिरवं इरकल नेसलेल्या, कपाळाला ठसठशीत कुंकू, हातात तबक, त्यावर विणलेला रुमाल. उन्हानं चेहरा लालबुंद. मागं अण्णा, दोन्ही हातांनी डब्याची पिशवी सांभाळत. जावई उपाशी, अण्णा उपाशी, मुलगा तिथंच कामाला. मग जेवणच तिकडं नेलं की झालं! त्यांच्या दृष्टीनं हिशेब किती सोपा होता. त्यांनी सगळीकडे नजर फिरवली, मी दिसलो, आणि त्यांचा चेहरा फुलला.

त्यांनी हाक मारायला तोंड उघडलं, पण त्याआधी पुष्कर मध्ये येऊन उभा राहिला.

"नमस्कार मॅडम. आपण टेबल बुक केलंय का?"

आई हसल्या. "अरे, थट्टा कसली करतोस? सरक बाजूला. तबक कलंडेल."

"मॅडम, आज जागा नाही. आपण दुसरीकडे बघता का?"

निम्मी टेबलं रिकामी होती. कोपऱ्यात कॉलेजची चार पोरं, खिडकीशी एक कुटुंब. सगळे बघायला लागले. आईंचं हसू अर्धं राहिलं. त्यांनी मुलाच्या तोंडाकडे बघितलं, मग खाली स्वतःकडे बघितलं, आणि मोकळ्या हातानं पदर खांद्यावर नीट ओढून घेतला.

"पुष्कर," त्या हळूच म्हणाल्या, "मी आहे रे."

"सॉरी मॅडम," पुष्कर म्हणाला. त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

अण्णांनी त्याच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, चित्राताईंच्या हातातल्या पेनाकडे पाहिलं. अण्णांची सगळी नोकरी सरकारी छापखान्यात गेली होती, परीक्षेचे पेपर छापायच्या खात्यात. ते आईंच्या दंडाला हात लावून म्हणाले, "चल. चुकीच्या ठिकाणी आलो आपण."

आणि त्या वळल्या. तबक सांभाळत, काही न विचारता वळल्या.

मी कसा उठलो मला माहीत नाही. खुर्ची मागं पडली तो आवाज आठवतो. "आई, थांबा!" मी ओरडलो. पुष्करनं मान वळवून माझ्याकडे बघितलं. 'दाजी, खाली बसा' असं त्याचे डोळे म्हणत होते. मी बसलो नाही.

"या कोण?" चित्राताईंनी विचारलं.

"माझ्या सासूबाई."

"आणि हा?"

"त्यांचा मुलगा."

चित्राताईंनी कागदावर एक आडवी रेघ ओढली आणि पेनाला टोपण लावलं. "मला फार वाईट वाटतंय," त्या म्हणाल्या. "इतकं वाईट मला मागच्या वर्षीही वाटलं नव्हतं."

मग त्या ओसरीत, सगळ्यांच्या देखत, माझं औक्षण झालं. कॉलेजच्या पोरांनी टाळ्या वाजवल्या. अनारशांचं वाण हातात पडलं, केळीच्या पानावर धोंडे आले, त्यावर तुपाची धार आली. चित्राताई जायला उठल्या नाहीत. "आता मी परीक्षक नाही, तेव्हा मलाही एक वाढा," म्हणाल्या. पुष्करनं आतून एक गोड वाइन आणून त्यांच्या पानाशेजारी घोटभर ओतली. त्यांनी पुरणाचा घास खाल्ला, वर घोट घेतला आणि डोळे मिटले. "अरेरे," एवढंच म्हणाल्या.

आई वाढत होत्या, मला आग्रह करत होत्या, चित्राताईंना नाव-गाव विचारत होत्या. मुलाकडे मात्र त्यांनी एकदाही बघितलं नाही.

हात धुवायला गेलो तेव्हा पुष्करनं मला मोरीपाशी गाठलं.

"गेलं ना?"

"गेलं."

"जाऊ दे. पण दाजी, आईला यातलं काही कळता कामा नये. तिच्या येण्यामुळं गेलं हे तिला समजलं, तर ती आयुष्यभर स्वतःला खात बसेल. उपास धरेल. तुम्ही ओळखता तिला."

"अरे, पण..."

"शलाताईच्या बाळाची शपथ आहे तुम्हाला."

मी मान हलवली.

रिक्षात आई मध्ये, मी एका बाजूला, अण्णा दुसऱ्या. नळस्टॉपच्या सिग्नलला रिक्षा थांबली तेव्हा त्या पुढं बघत म्हणाल्या, "उन्मेषराव, एक विचारू? खरं सांगाल?"

"विचारा ना."

"त्याला माझी लाज वाटली का हो?"

"छे छे, आई! हॉटेलात तशी पद्धत असते."

"आईला परत पाठवायची?"

अण्णा बाहेरच्या दुकानांच्या पाट्या वाचत राहिले. मी तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटलो. त्या म्हणाल्या, "असू दे. मोठ्या लोकांची ऊठबस असते तिथं. मीच अशी उठून जायला नको होतं." मी आयुष्यात इतका कोंडला गेलेलो नाही. खरं बोलावं तर ती शपथ, आणि न बोलावं तर ही बाई असं धरून चालणार, की पोटच्या पोरानं आपल्याला ओळख दिली नाही.

महिन्याभरात ओसरीतली कपाटं निघाली आणि थाळी सुरू झाली. पुष्कर दुसरीकडे लागला, तिथून तिसरीकडे. शेवटी त्यानं बावधनला स्वतःचं छोटंसं हॉटेल काढलं. तशीच यादी, तेच घोटभर, पेलाभर. या वेळी ते चाललं. उद्घाटनाला आई गेल्या नाहीत, गुडघे दुखत होते. वाढदिवसाला गेल्या नाहीत, एकादशी होती. घरी मात्र त्याचं सगळं करायच्या, डबे द्यायच्या, त्याच्या आवडीचं लोणचं घालायच्या.

"दाजी, आई का येत नाही हो?" पुष्करनं मला विचारलं. "वाइन असते म्हणून का?"

"असेल," मी म्हणालो. त्याला तरी काय सांगू? की तिला वाटतं तुला तिची लाज वाटते? मग तो धावत जाऊन खरं सांगणार, आणि ती स्वतःला खात बसणार, हे त्याचंच म्हणणं. मी आपला दोघांच्या मध्ये दारात बोट सापडल्यासारखा उभा.

पुढचा अधिक आला. सासरी धोंड्याचं जेवण झालं. माझी मुलगी अनारसा कुरतडत घरभर हिंडत होती. मी निघालो तेव्हा आईंनी डबा माझ्या हातात दिला.

"बावधनवरूनच जाल ना? पुष्करला द्या. आणि हे बघा, मागच्या दारानं द्या हं. स्टीलचा डबा आहे, गिऱ्हाइकांसमोर नको."

मी डबा खाली ठेवला. शपथ गेली खड्ड्यात. मी उभ्या उभ्या सगळं सांगून टाकलं. स्पर्धा, चित्राताईंचा नियम, कागदावरची रेघ, मोरीपाशी घातलेली शपथ. आई ऐकता ऐकता खाली बसल्या.

"म्हणजे त्याचं बक्षीस माझ्या पायी गेलं?"

"हो."

"नोकरीही?"

"हो, आई."

आता कोसळणार म्हणून मी शलाकाला खूण केली, तर ती पाणी आणायला धावली. आई माझ्याकडे टक लावून बघत होत्या.

"आणि लाज?" त्यांनी विचारलं.

"लाज कसली आई? तुम्ही ओळख दाखवलीत तर सगळं फुटेल, म्हणून तो..."

"लाज नव्हती?"

"नव्हती हो!"

त्यांनी पदर तोंडाला लावला. त्या रडताहेत की हसताहेत ते मला कळेना. दोन्ही चाललं होतं.

"मला तेव्हाच कळलं होतं," अण्णा आरामखुर्चीतून म्हणाले. "पण गुप्त होतं ना ते."

आई अशा काही वळल्या, की अण्णांनी पेपर तोंडासमोर धरला.

"मरो ते बक्षीस!" त्या म्हणाल्या. "अशी छप्पन्न बक्षिसं मी त्याच्यावरून ओवाळून टाकली असती. एवढंच होतं, तर मला इतकी वर्षं असं का जाळलंत रे तुम्ही सगळ्यांनी?"

मी डबा उचलला आणि रिक्षा बघायला खाली पळालो, तर माझ्यामागे जिन्यात आईंच्या चपला वाजत होत्या.